दहा मिनिटांची सोबत



व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी व्यसनमुक्ती हा विषय सुचवला तेव्हा मी एक अट घातली होती. तंबाखूचे दुष्परिणाम सांगायला मी येणार नाही. ते काम पाकिटावरचं चित्र करतं. १ एप्रिल २०१६ पासून आपल्याकडे पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रानं आणि इशाऱ्यानं व्यापलेला असतो. या सभागृहात जे कोणी सिगारेट किंवा विडी ओढतात त्यांनी ते चित्र माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहिलेलं आहे. त्यांना धोका माहीत आहे, आणि त्यांना सोडायचंही आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांपैकी ५५.४ टक्के लोकांनी सांगितलं, की आम्ही सोडायच्या विचारात आहोत. ३८.५ टक्क्यांनी आधीच्या वर्षभरात सोडून पाहिली होती. इच्छा आहे, प्रयत्नही आहे. आणि तरी, कोणाची मदत न घेता, औषध न घेता सोडणाऱ्या शंभरांपैकी तीन ते पाच जणच सहा महिने-वर्षभर टिकतात.

मला आज उरलेल्या पंच्याण्णवांबद्दल बोलायचं आहे. ते नेमके कुठे अडतात? मी समुपदेशक आहे. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांबरोबर बसणं हे माझं रोजचं काम. मी स्वतः कधी ओढलेली नाही, त्यामुळे माझ्या सांगण्याची हद्द कुठे संपते हेही मला रोज कळतं. ही माणसं निश्चयाची कच्ची असतात असं मला एकदाही वाटलेलं नाही. चाळीस वर्षं रात्रपाळी करून मुलं शिकवणाऱ्या माणसाला निश्चय कसला शिकवायचा? ती अडतात ठरावीक दहा मिनिटांत. त्या दहा मिनिटांत तलफ येते आणि जवळ कोणी नसतं. ही दहा मिनिटं कशी असतात, त्यांत काय करता येतं, आणि त्यांत सोबत कोणाची हवी, एवढंच मी आज मांडणार आहे.

आधी शरीराचं पाहू. झुरका घेतल्यापासून निकोटिन मेंदूत पोचायला दहा-वीस सेकंद लागतात. शिरेत टोचलेलं औषधही इतक्या वेगानं मेंदूत पोचत नाही. मेंदूतल्या ज्या ग्राहींना निकोटिन चिकटतं त्यांची संख्या रोजच्या धुरानं वाढत जाते. दोनेक तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं, ग्राही रिकामे होऊ लागतात आणि माणूस अस्वस्थ होतो. सिगारेट पेटवली की ती अस्वस्थता जाते. ओढणारा म्हणतो, हिच्यामुळे डोकं शांत होतं. शांत होतं हे खरंच आहे. पण जी अस्वस्थता गेली ती आदल्या सिगारेटनंच मागे ठेवलेली होती.

सोडल्यावर त्रास काही तासांतच सुरू होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो. चिडचिड, झोपमोड, कशात लक्ष न लागणं, सारखी भूक. दोन ते चार आठवड्यांत यातलं बहुतेक ओसरतं, कारण ग्राहींची वाढलेली संख्या हळूहळू पूर्ववत होत जाते. हे वेळापत्रक मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी तोंडपाठ करायला लावते. तिसऱ्या दिवशी बायकोवर खेकसणाऱ्या माणसाला वाटतं, की आता जन्मभर आपण असेच राहणार. हा तिसरा दिवस आहे, आठव्या दिवशी असं नसेल, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं.

दोन गोष्टी पुस्तकांत बारीक अक्षरांत असतात आणि आपल्याकडे मात्र त्यांच्यावरच गाडी अडते. पहिली, पोट. 'ताई, सिगारेटशिवाय सकाळी पोट साफ होत नाही', हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा आठवडा जात नाही. लोक ते लाजत सांगतात, डॉक्टरांपाशी तर बोलतच नाहीत. पण तक्रार अगदी खरी आहे. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवतं. ते बंद झालं की काही दिवस बद्धकोष्ठ होतं. उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि फळं, थोडं चालणं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. दोन-तीन आठवड्यांत आतडी आपली आपण चालू लागतात. एवढ्या कारणासाठी सोडलेली सिगारेट पुन्हा धरलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट चहाची. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं. सिगारेट बंद झाली की तो निचरा मंदावतो. माणूस चहा पूर्वीइतकाच पितो, किंवा सिगारेटच्या जागी दोन कप जास्तच पितो, आणि रक्तात कॅफिन आधीपेक्षा कितीतरी जास्त साठतं. मग छाती धडधडते, हात थरथरतात, झोप येत नाही. त्याला वाटतं ही तलफ आहे. खरं तर हा चहा असतो. पहिले काही आठवडे चहा-कॉफी निम्म्यावर आणा, आणि संध्याकाळनंतर घेऊच नका, असं मी सांगते. टपरीवर जाण्याचं एक निमित्तही त्यानं कमी होतं.

पण तलफ फक्त शरीरात नसते. इस्रायलमधले संशोधक रेऊव्हेन दार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विमानात काम करणाऱ्या, धूम्रपान करणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्यांनी लांब आणि आखूड अशा दोन्ही उड्डाणांत आपापली तलफ नोंदवायला लावली. निकोटिनची कमतरता हे एकच कारण असतं, तर लांब उड्डाणात तलफ तासागणिक जास्तच चढायला हवी होती. दिसलं असं, की विमान उतरायची वेळ जवळ येईल तशी तलफ चढत होती, मग उड्डाण चार तासांचं असो वा बारा तासांचं. आखूड उड्डाणाच्या शेवटी जेवढी तलफ होती, तेवढी लांब उड्डाणात तितकेच तास झाल्यावर नव्हती. आता ओढायला मिळेल ही शक्यता दिसली की तलफ उठते. आपल्याकडे रमजानचे रोजे धरणारे कितीतरी जण दिवसभर विडीला हात लावत नाहीत आणि दुपारभर कामही करतात. संध्याकाळी रोजा सुटायची वेळ झाली की मात्र खिशाकडे हात जातो.

या दोन उदाहरणांतून मी एक व्यवहाराची गोष्ट शिकले. 'कमी करीन', 'फक्त जेवणानंतर एक', 'पाकीट जवळ ठेवीन पण ओढणार नाही' यांत शक्यतेचं दार उघडं राहतं. खिशातलं पाकीट दिवसभर सांगत असतं, की विमान उतरणार आहे. म्हणून एक तारीख ठरवावी, आदल्या रात्री घरातली, स्कूटरच्या डिकीतली, ऑफिसच्या खणातली शेवटची सिगारेटसुद्धा काढून टाकावी, आणि त्या तारखेपासून एकही झुरका नाही. हळूहळू कमी करून सोडणारेही असतात. त्यांना मी अडवत नाही. फक्त शेवटची तारीख लिहून घेते.

आता टपरी. आपल्या गावात सुटी सिगारेट मिळते म्हणून टपरी आहे. राज्यात सुट्या सिगारेट आणि विड्या विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, हे इथल्या किती जणांना माहीत आहे, मला शंका आहे. टपरीच्या कडेला खांबाला काथ्याची दोरी बांधलेली असते आणि तिचं टोक धुमसत असतं. गिऱ्हाईक वाकतं, सिगारेट ओठांत धरून ते टोक जवळ आणतं, आणि वाकलेलं असतानाच शेजारच्याला विचारतं, 'काय, आज सेकंड शिफ्ट?' माझ्याकडे येणाऱ्यांना मी विचारते, तुम्हाला नक्की कशाची आठवण येते? धुराची असं म्हणणारे थोडे. बाकीचे त्या दोरीचं सांगतात, त्या 'काय, आज सेकंड शिफ्ट?' चं सांगतात. सिगारेट सोडणारा माणूस दिवसातून पाच-सहा वेळा भेटणारी चार माणसंही सोडत असतो. ही उणीव च्युइंग गमनं भरून निघत नाही.

निकोटिन गमबद्दल मात्र माझा आग्रह आहे, कारण लोक ते चुकीचं वापरतात आणि मग 'काही उपयोग नाही' म्हणून फेकतात. ते बडीशेपेसारखं चघळत राहायचं नसतं. चार-सहा वेळा चावायचं, चव तिखट लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. अर्धा तास एक गोळी पुरते. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, सरबत, फळांचा रस घ्यायचा नाही, कारण आंबट पदार्थांमुळे तोंडाच्या आतल्या त्वचेतून निकोटिन शोषलं जात नाही. ही एका व्यसनाच्या जागी दुसरं लावायची युक्ती आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. त्यातून निकोटिन हळू आणि थोडं मिळतं, धूर मिळत नाही, आणि काही आठवड्यांत ते कमी करत बंद करायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं या उपचाराला २००९ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. बुप्रोपियॉन आणि व्हॅरेनिक्लीन ही दोन औषधं २०२१ मध्ये त्या यादीत आली. ही दोन डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायची. ज्याला सकाळी डोळे उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागते, त्यानं डॉक्टरांना भेटल्याशिवाय तारीखच ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं केलं तरी तलफ येणारच. ती येते, चढते आणि उतरते. पेटवली नाही तरी उतरते, ही सगळ्यात मोलाची माहिती. बहुतेक वेळा सगळा खेळ पाच-दहा मिनिटांचा. अ‍ॅलन मारलॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं तलफेला लाटेची उपमा दिली. लाटेशी झुंजायचं नाही, तिच्यावर स्वार होऊन ती फुटेपर्यंत थांबायचं. आपल्याकडच्या केंद्रांत चार गोष्टी शिकवतात: थांबा, दीर्घ श्वास घ्या, घोट घोट पाणी प्या, दुसरं काही काम हाती घ्या. त्यात मी पाचवी घालते, ती म्हणजे झपाझप चालणं. पाच-दहा मिनिटं वेगानं चालण्यानं तलफ त्या वेळेपुरती उतरते, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे.

आणि सहावी गोष्ट सांगण्यासाठी मी इथे आले आहे.

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे गाव. बिल विल्सन नावाचा एक माणूस व्यवसायाच्या कामासाठी तिथे आलेला. काम फिसकटलं होतं, खिशात फारसे पैसे नव्हते. दारूपायी त्याची नोकरी गेली होती, पत गेली होती, आणि आता काही महिने तो दारूपासून लांब होता. हॉटेलच्या लॉबीत तो येरझारा घालत होता. एका बाजूला बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी होती. त्याला प्यावंसं वाटलं. त्यानं यादीतल्या एका पाद्र्याला फोन लावला, आणि विचारलं काय, तर या गावात एखादा दारुडा माहीत आहे का, मला त्याच्याशी बोलायचं आहे. फोनामागून फोन करत तो बॉब स्मिथ नावाच्या एका दारुड्या शल्यचिकित्सकापर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी भेट ठरली. डॉक्टर स्मिथ पंधरा मिनिटांच्या अटीवर आले होते. संध्याकाळी पाचला बसलेले ते दोघे रात्री अकरानंतर उठले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही जगभर पसरलेली चळवळ त्या भेटीतून उभी राहिली.

त्या लॉबीत विल्सननं काय केलं ते नीट पाहावं. त्यानं डॉक्टर शोधला नाही, उपदेशक शोधला नाही. तलफेच्या क्षणी त्यानं आपल्याच जातीचा त्रास असलेला माणूस शोधला. आपण दुसऱ्याला मदत करत बसलो की आपली पिण्याची इच्छा ओसरते, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. मदत कोण कोणाला करतं आहे, ही रेषाच तिथे पुसली गेली.

या गोष्टीचा पुढचा भाग क्वचित सांगितला जातो, मला तो सांगितलाच पाहिजे. बिल विल्सननं पुढे कधी दारू घेतली नाही, पण सिगारेट त्याला फार उशिरापर्यंत सुटली नाही. १९७१ च्या जानेवारीत तो फुप्फुसाच्या एम्फिसीमा या आजारानं आणि न्यूमोनियानं गेला. लाखो लोकांना ज्यानं सोबतीचा मार्ग दाखवला, त्याच्या वाट्याला सिगारेटसाठी तशी सोबत आली नाही. त्या काळी दारू हे व्यसन आणि सिगारेट ही सवय समजली जायची. आपण अजूनही तसंच समजतो. दारूसाठी माणूस केंद्रात दाखल होतो, घरचे धावपळ करतात. सिगारेटसाठी त्याला एवढंच ऐकायला मिळतं, 'अरे, मनावर घेतलं की सुटते.'

महाराष्ट्रात सोबतीचं हे तत्त्व रुजवलं ते मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी केंद्र सुरू केलं. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. नव्यानं दाखल झालेल्या माणसाला 'मला माहीत आहे तुला काय होतंय' हे वाक्य तिथला कार्यकर्ता जितक्या हक्कानं म्हणू शकतो, तितक्या हक्कानं ते मी कधीच म्हणू शकणार नाही.

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांचा आमचा गट फार साधा आहे. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, एका शाळेच्या वर्गात आम्ही बसतो. बाकं लहान मुलांची; मोठ्या माणसांचे गुडघे त्यांत मावत नाहीत, म्हणून बरेच जण भिंतीला टेकून खालीच बसतात. कारखान्यातले कामगार असतात, रिक्षावाले असतात, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, कॉलेजात शिकवणारे एक सर. काही ओढणारे, काही तंबाखू मळणारे. आपल्या राज्यात २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार ओढणारे प्रौढ ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के, त्यामुळे दोघांना वेगळं बसवून चालत नाही. शिवाय सिगारेट सोडली म्हणून आनंदात असलेला माणूस हळूच गालात चुना-तंबाखू ठेवायला लागतो, आणि ते लक्षात येतं मळणाऱ्याच्याच. भाषण कोणी करत नाही. प्रत्येकानं एवढंच सांगायचं, की या आठवड्यातली सगळ्यात वाईट वेळ कोणती होती आणि ती कशी गेली.

एकदा प्रेसवर काम करणारा एक तरुण म्हणाला, 'रात्रपाळीला तीन वाजता चहाची सुट्टी होते. सगळे गेटबाहेर जातात. मशीनपाशी थांबलो तर झोप येते, आणि गेलो तर ओढणार.' कोणी काही सुचवायच्या आत एक रिक्षावाले काका म्हणाले, 'तीनला मी स्टेशनवरच असतो. फोन लाव मला.' पुढच्या आठवड्यात मी त्या तरुणाला विचारलं, काय बोलता तुम्ही? तो म्हणाला, 'काही नाही ताई. कोणती गाडी किती लेट आहे ते काका सांगतात. मी ऐकतो. तोवर सुट्टी संपते.'

दहा मिनिटांची सोबत ती हीच. त्यात उपदेश नव्हता, समुपदेशनाचं तंत्र नव्हतं. गाडी लेट आहे ही बातमी होती, आणि पलीकडे बसलेल्या माणसानंही त्या घटकेला विडी पेटवलेली नव्हती.

सोबत कोणाची असावी याबद्दल माझं एक मत पक्कं झालेलं आहे. वीस वर्षांपूर्वी सोडलेला माणूस प्रेरणा देतो, पण तिसऱ्या दिवसाची चिडचिड तो विसरलेला असतो. तिसऱ्या दिवशीच्या माणसाला खरा आधार मिळतो तो तिसऱ्या आठवड्यात असलेल्या माणसाचा. त्याच्या अंगावरून ते नुकतंच गेलेलं असतं. झोप कधी परत आली, खोकला कधी कमी झाला, तोंडातले फोड कधी बरे झाले हे तो नेमकं सांगतो. म्हणून जोड्या लावताना मी वय, शिक्षण, नोकरी पाहत नाही, सोडल्याची तारीख पाहते. निवृत्त बँक अधिकाऱ्याचा जोडीदार कधी हमालही होतो. एकमेकांना 'साहेब' आणि 'दादा' म्हणत ते महिनाभर फोनवर बोलतात.

अभ्यासही याच बाजूचा आहे. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथल्या १२,०६७ माणसांची १९७१ ते २००३ ही बत्तीस वर्षं तपासली. कोण कोणाचा नातेवाईक, कोण कोणाचा मित्र, हे त्यांच्याकडे नोंदलेलं होतं. त्यांना असं दिसलं, की माणसं सिगारेट सुटी सुटी सोडत नाहीत, जोडलेल्या माणसांचे घोळकेच्या घोळके एका सुमारास सोडतात. नवऱ्यानं किंवा बायकोनं सोडली, तर जोडीदार ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होत होती. मित्रानं सोडली तर ३६ टक्क्यांनी. छोट्या कचेरीत शेजारी काम करणाऱ्यानं सोडली तर ३४ टक्क्यांनी. भावंडानं सोडली तर २५ टक्क्यांनी. आपल्याकडे पहिला झुरका कोणी एकट्यानं घेतलेला असतो का? कॉलेजच्या कट्ट्यावर, कारखान्याच्या गेटवर, मोठ्या भावाच्या मित्रांत घेतलेला असतो. चौघांत शिकलेली गोष्ट खोलीचं दार लावून एकट्यानं सोड, असं आपण त्याला सांगतो.

घरच्यांनी इथे एक फरक ध्यानात घ्यावा. जोडीदाराला शिकवून सोडणाऱ्याला मदत करायला लावण्याचे प्रयोग परदेशांत बरेच झाले. त्यांतून सोडणाऱ्यांचं प्रमाण खात्रीनं वाढलेलं दिसलं नाही. गटात बसून सोडणाऱ्यांचं यश मात्र नुसत्या पुस्तिकेच्या आधारानं सोडणाऱ्यांच्या दुपटीजवळ जातं. जो बरोबर सोडतो आहे त्याची सोबत वेगळी, आणि जो बाहेरून लक्ष ठेवतो त्याची वेगळी. घरचे प्रेमानं करतात, पण करतात काय, तर आल्याबरोबर तोंडाचा वास घेतात, शर्टाचे खिसे उलटे करतात, मुलांना 'बाबांवर लक्ष ठेव' म्हणून सांगतात. त्यानं माणूस सोडायला शिकत नाही, लपवायला शिकतो. पहिले चार आठवडे घरच्यांनी फक्त दोन गोष्टी कराव्यात. त्याच्या चिडचिडीला उत्तर देऊ नये. आणि संध्याकाळी जेवणानंतर, जी त्याची सिगारेटची वेळ, त्या वेळी त्याच्याबरोबर बाहेर चालायला जावं.

आपल्या मातीत या सोबतीची एक जुनी रीत आहे. वारकरी माळ घालतो ती चारचौघांत घालतो. त्या दिवसापासून गावात कोणी त्याच्यापुढे मटणाचं ताट ठेवत नाही, कोणी ग्लास पुढे करत नाही. त्याचा नेम गळ्यात दिसतो आणि सगळे तो सांभाळायला मदत करतात. माळेनं तंबाखू सुटतेच असं नाही. तंबाखू मळणारे माळकरी आपण पाहतोच. पण रीत घेण्यासारखी आहे. सिगारेट सोडणारे बहुतेक जण गुपचूप सोडतात, म्हणजे हरलो तर कोणाला कळणार नाही. त्यामुळे टपरीवर मित्र नेहमीप्रमाणे दोन घेतो, एक त्याच्या हातात देतो, आणि नको म्हणायला त्या क्षणी तोंड उघडत नाही. सोडताना जाहीर सांगा. ज्यांच्याबरोबर ओढता त्यांना आधी सांगा. 'मला देऊ नको' एवढं एकच वाक्य.

घसरण होते, तिच्याबद्दलही बोलायला हवं. लग्नात, मर्तिकात, परगावी गेल्यावर माणूस एक ओढतो. एका सिगारेटनं सुटलेलं व्यसन त्या रात्रीत परत येत नाही. परत येतं ते 'आता गेलंच सगळं' या विचारानं, कारण त्या विचाराच्या मागून पाकीट येतं. मारलॅटनं याचाच बारकाईनं अभ्यास केला होता. आमच्याकडे घसरलेल्या माणसाला तीनच प्रश्न विचारतात. कुठे? कोणाबरोबर? आधीच्या तासात काय झालं होतं? त्याला कोणी हसत नाही, शपथ घालत नाही, देवाची आठवण करून देत नाही. तो सांगतो, बाकीचे ऐकतात, आणि पुढच्या लग्नाला त्याच्याबरोबर कोण जाईल ते ठरतं. ज्या दिवशी त्याला गटात यायची लाज वाटते, त्या दिवशी त्याचा जोडीदार त्याच्या घरी जातो. गटाचा नियम म्हणून आम्ही एवढा एकच पाळतो.

स्त्रियांविषयी थोडं बोलते, थोडं अशासाठी की आमचं कामच तिथे अपुरं आहे. मिश्री लावणाऱ्या बाया, सिन्नरच्या आणि सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाया, शहरातल्या सिगारेट ओढणाऱ्या मुली, यांतली एकही पुरुषांच्या त्या वर्गात येऊन 'माझी वाईट वेळ ही' असं सांगणार नाही. त्यांचे गट त्यांच्यातूनच उभे राहायला हवेत. बचत गटाच्या बैठकीला जोडून ते होऊ शकतात, असा माझा विश्वास आहे, आणि ते करायला बायाच पुढे याव्यात अशी माझी विनंती आहे.

'आता या वयात सोडून काय उपयोग' असं म्हणणारे इथे असतील, म्हणून शेवटी एक आकडा. रिचर्ड डॉल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांचा अभ्यास सुरू केला आणि तो पन्नास वर्षं चालला. स्वतः डॉल यांनी त्याआधीच, आपल्याच संशोधनातून फुप्फुसाच्या कर्करोगाशी सिगारेटचा संबंध दिसल्यावर, सिगारेट सोडली होती. २००४ मध्ये आलेला निष्कर्ष असा: आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात. तिशीत सोडली तर ती दहाच्या दहा वर्षं परत मिळतात, चाळिशीत सोडली तर नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठाव्या वर्षी सोडली तरी तीन. विडी हलकी म्हणून ती ओढत बसणाऱ्यांनाही सांगते, भारतातल्या २००८ च्या मोठ्या अभ्यासात विडी ओढणारे पुरुष सरासरी सहा वर्षं आधी गेलेले दिसले.

आता माझं मागणं. सभागृहाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. तिला दोन रकाने आहेत. ज्यांनी गेल्या वर्षभरात विडी, सिगारेट किंवा तंबाखू सोडली आहे, त्यांनी डावीकडे नाव, फोन आणि सोडल्याची तारीख लिहावी. ज्यांना सोडायची आहे त्यांनी उजवीकडे लिहावं. तारीख ठरली नसेल तर रिकामी ठेवा. या आठवड्यात आम्ही जोड्या लावून फोन करू. ज्यांना वहीत नाव लिहायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०१६ पासून सुरू आहे. हा क्रमांक तुमच्या खिशातल्या पाकिटावरच छापलेला आहे. आणि ज्यांच्या ताब्यात शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप, सोसायटीचा हॉल किंवा युनियनचं ऑफिस आहे, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ ती जागा द्यावी. बाकी आम्हाला काही लागत नाही.